लग्नाचा पहिला केक : चुका आणि दुरुस्ती
गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती विवाहसमारंभांत मानाचे स्थान असलेला मजल्यांचा केक पहिल्यांदाच घरी केला जातो, तेव्हा होणाऱ्या बहुतेक चुका ठरावीक असतात आणि त्यांची कारणे माहीत असल्यास त्या सुधारताही येतात. ओव्हन जास्त तापल्यास केकच्या कडा आधी घट्ट होतात व मध्यभाग फुगून तडकतो. असा फुगवटा केक पूर्ण गार झाल्यावर दातेरी सुरीने कापून सपाट करता येतो, तर कोरड्या पडलेल्या थरावर साखरेचा पाक ब्रशने लावल्यास तो मऊ होतो. लोणी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेले आवरण, उकाड्यात ओघळते. ते गार करून पुन्हा फेटल्यास बहुधा पूर्ववत होते. वरचा मजला खालच्या केकमध्ये रुतू नये, म्हणून खालच्या केकच्या उंचीइतक्या आधारकाड्या त्यात उभ्या रोवून वरचा मजला स्वतंत्र पुठ्ठ्यासह त्यांवर ठेवावा, म्हणजे भार स्पंजऐवजी काड्या पेलतात. लहानसहान ओरखडे आयसिंगच्या नक्षीने झाकले जातात. मात्र मधोमध कच्चा राहिलेला केक सजावटीखाली लपवू नये, तो नव्यानेच भाजावा.