बोटीच्या इंजिनाला कोणतं पेट्रोल, कोणतं औषध?

आजचा विषय मी स्वतः माती खाऊन शिकलोय, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

माझ्या मामाची देवबागला फायबरची होडी आहे, मागे टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन. जून-जुलैच्या मासेमारी बंदीआधी टाकीत अर्धं पेट्रोल तसंच राहिलं, ऑइल मिसळलेलं. झाकणावरचा हवेचा स्क्रूही उघडा. ऑगस्टमध्ये मी गावी गेलो, ऑनलाइन मागवलेली अॅडिटिव्हची बाटली टाकीत ओतली आणि म्हटलं, "मामा, आता बिनधास्त!" इंजिनिअर ना आपण!

कर्ली नदीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथेच, मशीन खोकलं आणि बंद. नांगर टाकून बसलो. शेवटी दुसऱ्या होडीने दोर लावून ओढत आणलं. किनाऱ्यावर मामाने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. दोन थर! वर ऑइलच्या रंगाचा, खाली पांढुरका. मामा म्हणाला, "झिला, तुझा औषध पाण्याक कळला नाय वाटता."

झालं काय होतं? आपल्याकडे पंपावर आता बहुतेक ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. सरकारने २०३०चं उद्दिष्ट २०२५वर आणलं होतं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. आणि टाकीतली नळी पेट्रोल कुठून ओढते? तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये धोका दुप्पट, कारण ऑइल वरच्या थरात राहतं. खालचं ओढलं की पिस्टनला वंगणच नाही. आमचं मशीन लवकर बंद पडलं, हे नशीब.

आता मुख्य गोष्ट. एकदा थर वेगळे झाले की बाजारातली कुठलीही बाटली ते पेट्रोल पुन्हा चांगलं करत नाही. ते काढून टाकायचं, टाकी सुकवायची. स्टॅबिलायझर हे आधी घ्यायचं औषध आहे, नंतरचं नाही. ताज्या पेट्रोलमध्ये, बाटलीवरच्या मापाने टाकायचं आणि मशीन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. चालवताना थंड करणारं पाणी चालू हवं, नाहीतर इंपेलर जळतो.

मग पेट्रोल निवडायचं कसं?

पहिलं, मॅन्युअल उघडा. बऱ्याच आउटबोर्डमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते. तुमचं तसं असेल तर सर्व्हिसवाल्याला विचारा, जुने रबरी पाइप आणि हातपंपाचा फुगा तपासून घ्या, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं पेट्रोल, असं समजू नका. मॅन्युअलने मागितलं नसेल तर जास्त ऑक्टेनने ताकदही वाढत नाही.

दुसरं, ट्रिपपुरतंच भरा. ऑइलही लागेल तेवढ्याच पेट्रोलमध्ये मिसळा. साधं उरलेलं पेट्रोल बाइकमध्ये जिरवता येतं, ऑइल मिसळलेलं फोर-स्ट्रोक बाइकला चालत नाही.

तिसरं, ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं घ्या. ते पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच असतं, स्कूटरचं टू-टी नको. ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, दहा लिटरला २००. अंदाजाने धार सोडू नका.

चौथं, रॉकेल फक्त रॉकेलसाठी बनवलेल्या मशीनमध्ये. पेट्रोलच्या मशीनमध्ये "थोडंसं" सुद्धा नाही.

आणि शंका आली तर बरणी! टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढा, उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. पाच मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर त्या दिवशी होडी काढायची नाही. विषय संपला.

मामा आता दर मे महिन्यात टाकी रिकामी करतो. माझी उरलेली बाटली पडवीत आहे. मी गेलो की मुद्दाम समोर आणून ठेवतो.

तुमच्या घरी होडी असेल तर हा एपिसोड व्हॉट्सॲपवर पुढे पाठवा, बंदी सुरू व्हायच्या आत. भेटू पुढच्या वेळी!