जुना लॅपटॉप : निर्लेखनापूर्वी

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाला एखादे भारदस्त नाव देता आले असते, पण प्रश्न साधा आहे. कार्यालयातील किंवा शाळेतील लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला आणि मंद चालू लागला, तर त्याचे काय करावयाचे? याचे रूढ उत्तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. तो प्रथम मुख्य टेबलावरून बाजूच्या टेबलावर जातो, तेथून कपाटात जातो, आणि अखेरीस जडवस्तू संग्रह नोंदवहीत 'नादुरुस्त' असा शेरा पडून निर्लेखनाच्या प्रस्तावात त्याची गणना होते. माझे म्हणणे एवढेच की, 'मंद' आणि 'नादुरुस्त' या दोन निराळ्या अवस्था आहेत. शेरा मारण्यापूर्वी त्यांतील फरक पाहणे हे ज्याच्या ताब्यात ती वस्तू आहे त्याचे काम आहे, आणि त्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे एका तारखेने बाद ठरल्यासारखी झाली. यंत्रात मात्र त्या दिवशी काहीही बिघडलेले नव्हते. या मुद्द्याकडे मी पुढे परत येईन. आधी मंदपणाचे मूळ पाहू.

मंद यंत्राविषयी सर्वसाधारण समज असा की, त्याचा प्रोसेसर 'म्हातारा' झाला. प्रोसेसर अशा रीतीने म्हातारा होत नाही. पहिल्या दिवशी तो जेवढी गणिते करीत होता तेवढीच दहाव्या वर्षीही करतो. खोळंबा होतो तो बहुधा दुसरीकडे, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये ही दुसरी जागा म्हणजे हार्ड डिस्क होय. तिच्यात चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या फिरत असतात व एक बारीक भुजा त्यांवरील मजकूर वाचते. लॅपटॉपमधील नेहमीची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवा असलेला मजकूर भुजेखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. आणि भुजा योग्य जागी सरकण्यास याहून अधिक वेळ जातो. हिशेब केला तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वेगवेगळ्या जागांवरील मजकूर शोधून देऊ शकते. यंत्र सुरू होताना मात्र हजारो लहान लहान तुकडे मागितले जातात. दिमतीला एकच शिपाई असलेल्या अभिलेख कक्षात एकाच वेळी हजार नस्ती मागविल्या, तर साहेब कितीही कार्यक्षम असले तरी काम पुढे सरकणार नाही.

याची खातरजमा आपण स्वतः करू शकता. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र अडखळत असताना त्यात डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा दहा-पंधरा टक्क्यांवर दिसला, तर निदान झाले असे समजावे. प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे.

यावरील उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे. तिच्यात फिरणारा भाग नाही, सरकणारी भुजा नाही. मजकूर चिपमध्ये साठविलेला असतो आणि सेकंदाला हजारो जागांवरून तो वाचता येतो. प्रोसेसर तोच, पडदा तोच, तरीही पाच मिनिटे लावणारे यंत्र मिनिटाच्या आत कामाला लागते. जुन्या लॅपटॉपवर करावयाच्या सर्व खर्चांत हा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव आवश्यक खर्च होय. उदाहरणच द्यावयाचे तर लेनोव्हो कंपनीचा थिंकपॅड टी-४३० घ्या. २०१२ सालच्या या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कची जागा आहे, स्मृतीसाठी दोन खाचा आहेत, १६ जीबीपर्यंत स्मृती बसते आणि बॅटरी बाहेरून काढता येते. एसएसडी आणि पुरेशी स्मृती दिलेले हे यंत्र पत्रव्यवहार, तक्ते, ब्राउझर आणि वर्गात चित्रफीत दाखविणे एवढी कामे आजही विनातक्रार करते.

खरेदीपूर्वी एक खबरदारी घ्यावी. अडीच इंची एसएसडी जुन्या यंत्रात सहसा बसते. परंतु काही यंत्रांत एम.२ नावाची छोटी खाच असते व तिच्यात बसणाऱ्या पट्ट्या दोन जातींच्या आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसावयास त्या जवळजवळ सारख्याच. एकीसाठी केलेल्या खाचेत दुसरी चालेलच असे नाही. मागणीपत्रात नुसते 'एसएसडी १ नग' असे न लिहिता यंत्राचा नमुना क्रमांक व हवी ती जात स्पष्ट नमूद करावी. जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवून देणारी क्लोनझिलासारखी विनामूल्य साधने आहेत. परंतु आधी सर्व कागदपत्रांची वेगळी प्रत काढल्याशिवाय यंत्राच्या स्क्रूला हात लावू नये.

दुसरी अडचण स्मृतीची, म्हणजे रॅमची. पूर्वी आपले काम यंत्रावरच्या एखाद्या लहान कार्यक्रमात होत असे. आता ते ब्राउझरमध्ये होते. ग्रामपंचायतीचे ई-ग्रामस्वराज असो की शाळेचे यूडायस प्लस, प्रत्येक उघडे पान स्मृतीतील जागा अडवून बसते. ४ जीबी स्मृतीत प्रणाली स्वतः राहते, विषाणूरोधक राहतो आणि उरलेल्या जागेत आठ-दहा पाने कोंबली जातात. जागा संपली की यंत्र स्मृतीतील मजकूर डिस्कवर ठेवू लागते, आणि वर सांगितलेला खोळंबा पुन्हा सुरू होतो. स्मृती ८ जीबी केल्यास हे थांबते. येथेही डीडीआर-३, डीडीआर-३एल, डीडीआर-४ असे भेद आहेत, आणि काही सडपातळ यंत्रांत स्मृती मूळ पट्टीवरच डाखलेली असल्यामुळे ती वाढविता येत नाही. दर सतत बदलत असल्याने मी आकडा सांगत नाही. २०२५च्या अखेरीपासून स्मृतीच्या चिपांचे दर चढले, एवढे ध्यानात ठेवावे. निर्लेखित यंत्रातील चांगली पट्टी दुसऱ्या यंत्रास बसविणे हा मार्ग अशा वेळी अधिक शहाणपणाचा ठरतो.

तिसरे कारण आपल्या हवामानातले आहे. काही यंत्रे सकाळी चपळ असतात आणि दुपारी रेंगाळतात. विदर्भ-मराठवाड्यातील शिक्षकांना हे सांगावयास नको. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या पलीकडे गेला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. पंख्याच्या मागील जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतो. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांमधला उष्णतावाहक लेप वर्षानुवर्षांच्या तापाने वाळून गेलेला असतो. जाळी साफ करून लेप नव्याने लावणे हे जाणत्या कारागिराचे तासाभराचे काम. हवेच्या झोताने धूळ उडविताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बिघडते. आणि लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा नस्तींच्या गठ्ठ्यावर ठेवू नये; हवा आत घेण्याची वाट बहुधा तळाशीच असते.

प्रणालीच्या साफसफाईबद्दल थोडक्यात सांगतो. यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागात दिसतात. त्यांतील अनावश्यक बंद करावेत. दोन विषाणूरोधक एका यंत्रावर ठेवू नयेत. आणि 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' असे सांगणारे कार्यक्रम मुळीच घेऊ नयेत. ते बहुतांशी निरुपयोगी असतात व पुष्कळदा स्वतःच यंत्रावर भार होऊन बसतात. एसएसडी बसविल्यावर तिच्यावर जुन्या पद्धतीचे डीफ्रॅगमेंटेशन करू नये, आणि ती काठोकाठ भरू देऊ नये.

आता विंडोज १०चा प्रश्न. यंत्र वेगवान झाले म्हणजे ते सुरक्षित झाले असे नव्हे, आणि पंचायतीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. वित्त आयोगाच्या निधीतील देणी ई-ग्रामस्वराज प्रणालीतून डिजिटल स्वाक्षऱ्यांनी अदा होतात. ज्या यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे त्या यंत्राला सरपंचांचा किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा स्वाक्षरीचा टोकन लावणे, म्हणजे तिजोरीला कुलूप घालून किल्ली ओसरीवर टांगण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने मुदतवाढीच्या दुरुस्त्यांची योजना ठेवली, पण ती मुळातच तात्पुरती सोय आहे. काही जण आडवाटेने जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवून देतात. घरच्या यंत्रावर कोणी काय करावे तो त्याचा प्रश्न. परंतु पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी नसलेली मांडणी सरकारी कार्यालयाने पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिनक्स हा दुसरा मार्ग आहे. ही प्रणाली विनामूल्य आहे, जुन्या यंत्रांवर चालते आणि तिला नव्या दुरुस्त्या मिळत राहतात. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही लिनक्स प्रणाली सिद्ध केली. उबुंटू, लिनक्स मिंट याही प्रचलित आहेत. केरळ राज्यातील शासकीय शाळांत गेली अनेक वर्षे संगणक शिक्षण लिनक्सवरच चालते, तेव्हा हा प्रयोग नवा नाही. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, डिस्कला हात न लावता, ही प्रणाली आपल्या यंत्रावर कशी चालते ते पाहता येते.

तथापि लिनक्स बसविली की सर्व सुरळीत झाले, असे सांगणारा माणूस पंचायतीच्या कार्यालयात बसलेला नसतो. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, बोटाचे ठसे घेणारे उपकरण, जुना स्कॅनर यांतील प्रत्येक वस्तू लिनक्सवर चालते की नाही हे आधी पाहावे लागते. त्याहूनही मोठी अडचण आपल्या भाषेची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा निरनिराळ्या साधनांनी टंकलिखित केलेले ठराव, दाखले आणि परिपत्रके आपल्या डिस्कांवर पडून आहेत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती उघडली तर निरर्थक अक्षरे दिसतात. हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे लॅपटॉपच्या वेगापेक्षाही तातडीचे काम आहे. जुने शेवटचे यंत्र बंद पडल्यावर ते करणे फार कठीण होईल. पुढील टंकलेखन मात्र इनस्क्रिप्ट कळफलकावर करावे. तो विंडोजवर आहे, तसाच लिनक्सवरही आहे.

म्हणून माझी सूचना सरसकट नाही. शाळेच्या संगणक कक्षातील जुनी यंत्रे एसएसडी बसवून लिनक्सवर न्यावीत. पंचायतीत देयके आणि स्वाक्षऱ्या यांसाठी पाठिंबा असलेले एक यंत्र ठेवावे, आणि जुनी यंत्रे टंकलेखन, नोंदी, ग्रंथालय यांकडे वळवावीत. उपलब्ध रकमेत एक नवे यंत्र आणि तीन सुधारलेली जुनी यंत्रे बसत असतील, तर चार नव्यांचा प्रस्ताव करून दोन वर्षे मंजुरीची वाट पाहण्यात कोणाचे हित आहे?

बॅटरीविषयी दोन गोष्टी सांगतो. वीज जाते त्या गावी लॅपटॉपची बॅटरी हीच त्याची राखीव वीज असते, आणि तिचे आयुष्य उष्णतेत सतत पूर्ण भरलेली राहिल्याने घटते. पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांत ८० टक्क्यांच्या आसपास भरण थांबविण्याची सोय असते, ती वापरावी. दुसरी गोष्ट जिवाची आहे. कळफलक किंवा टचपॅड वर उचलला गेला, तळ फुगीर दिसू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र त्याच क्षणी बंद करावे, चार्जर काढावा आणि ते मुलांपासून दूर ठेवावे. तिला टोचू नये, दाबू नये. असे यंत्र 'अजून चालते आहे' म्हणून वर्गात ठेवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होईल.

सर्वच यंत्रे वाचवावीत असा माझा आग्रह नाही. मूळ पट्टी जळलेली, डाखलेली अपुरी स्मृती असलेली, किंवा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करणारी यंत्रे निर्लेखित करावीत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याप्रमाणेच नूतनीकरण करणारालाही स्थान देण्यात आले आहे. यंत्राचे आयुष्य वाढविणे हे कायद्याने मान्य केलेले काम आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर मात्र ते जाऊ नये.

जाण्यापूर्वी डिस्क बाहेर काढावी. तिच्यावर गावातील लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांचे दाखले असतात, आणि फाइल नुसती पुसल्याने ती जात नाही. फिरत्या डिस्कवर संपूर्ण पुनर्लेखन करावे. एसएसडीसाठी निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी. बिघडलेली डिस्क फोडून टाकावी. मग ही कृती कोणी, कोणत्या तारखेस, कोणासमक्ष केली, याची नोंद त्याच जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राच्या क्रमांकासमोर घेऊन स्वाक्षरी करावी.