परप्रांतांतील पंगत

पुण्यामुंबईचें कुटुंब दक्षिणयात्रेस निघालें कीं सामानांत पहिली जागा फराळाच्या डब्याची असते. चिवडा, दशम्या, मेतकूट, लिंबाचें लोणचें. आणि तंजावरास उतरल्यावर पहिली चौकशी ही, कीं येथें पोळीभाजी कोठें मिळेल? बृहदीश्वराचें शिखर पाहून होतें, सरस्वती महालांतील पोथ्यांवरून नजर फिरते, आणि ज्यांच्या गांवीं हें वैभव नांदतें त्यांच्याशीं एक शब्दही न बोलतां मंडळी पुढच्या गाडीनें निघून जातात. मुलें लहान असलीं, प्रकृति नाजूक असली, तर डबा हवाच. परंतु धडधाकट माणसानेंही डबा उघडून गांवाकडे पाठ करावी, हें प्रवासाचे पैसे पाण्यांत घालण्यासारखें आहे.

तामिळ मुलखांत साग्रसंगीत जेवण केळीच्या पानावर होतें. पानाचें निमुळतें टोंक जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येतें. पानावर पाणी शिंपडून तें ज्याचें त्यानेंच पुसून घ्यावयाचें. वरच्या अर्ध्यांत पोरियल म्हणजे कोरडी भाजी, कूटु म्हणजे डाळ घालून शिजविलेली भाजी, लोणचें आणि पापड. खालच्या अर्ध्यांत भात. नवखा मराठी प्रवासी फसतो तो येथेंच. आतां पोळी येईल या आशेवर तो बसतो. पोळी येत नाहीं, भातच पुनःपुन्हां येतो. प्रथम सांबाराबरोबर, मग रसमाबरोबर, शेवटीं दह्याताकाबरोबर. पहिल्याच भातास ज्याचें पोट भरलें त्याला रसम चुकलें, आणि या जेवणाचा जीव तर त्या चिंचेच्या, मिरपुडीच्या पातळ रसांत! भाताचें आळें करून त्यांत तें वाढून घेतात. पान सपाट, रस पळणारा. तेव्हां हात चपळ हवा. शेजारीं बसलेल्या वृद्ध गृहस्थाकडे पाहून हें जितकें लौकर साधतें तितकें कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकानें साधत नाहीं. चमचा मागूं नये. पाणी भांडें ओठास न लावतां वरून प्यावें. ‘कोंजम्’ म्हणजे थोडें आणि ‘पोदुम्’ म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द वेळेवर तोंडांतून निघाले कीं वाढप्या हंसतो, आणि न विचारतां सांगूं लागतो कीं पान आपल्या बाजूस दुमडलें म्हणजे जेवण आवडलें असें समजतात.

कॉफीविषयीं श्रोत्यांना अधिक सांगावयास नको. ती पेल्यांतून खोलगट वाटींत आणि वाटींतून पेल्यांत उंचावरून ओतून निववावी. बशी मागितली कीं परका माणूस लगेच ओळखूं येतो.

तंजावरास मराठी पाहुण्याला आणखी एक मोह होतो. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत येथें भोसल्यांचें राज्य होतें. 1803 मध्यें सरफोजीराजांनीं आपल्या वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्याच भिंतीवर मराठींत कोरविला. सरस्वती महालांत पाककृतींची ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ नांवाची पोथीही आहे. एवढें कळलें कीं पाहुणा भर पंगतींत सांबार हें मूळचें मराठ्यांचें, संभाजीराजांच्या नांवावरून पडलेलें, असें ठणकावून सांगतो. ही दंतकथा आहे, तिला पुरावा नाहीं. आणि असता तरी ज्याच्या पानावर बसावें त्याच्या आमटीवर हक्क सांगणें हा पाहुण्याचा धर्म नव्हे. त्यापेक्षां समोरच्या ‘डांगर पच्चडी’कडे लक्ष द्यावें. भाजलेल्या उडदाचें पीठ दह्यांत कालवून वर फोडणी! आपल्याकडचें डांगर नांवासकट ओळखूं येतें, मात्र चव तिकडची झालेली असते.

तंजावरांत आजही कांहीं घरांतून मराठी बोलली जाते. तिची ठेवण जुनी, हेल तामिळ. पाहुण्यानें ती सुधारून देण्याच्या भानगडींत पडूं नये. या घरांत पोळीचा आग्रह होईलच असें नाहीं. रसमभात वाढतां वाढतां घरची वडील बाई मराठींतच विचारते, आणखी थोडा घालूं का? तेथें मात्र ‘पोदुम्’ म्हणण्याची घाई करूं नये.