शीलाचा रकाना



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो. त्याचें नांव 'वर्तणूक'. ज्यानें तीस-पस्तीस वर्षें शाळेंत काढलीं त्याला हा रकाना भरतांना विचार करावा लागत नाहीं, कारण त्यांत एकच शब्द लिहावयाचा असतो : 'चांगली'. मधल्या सुटींत धाकट्यांचे डबे हिसकावणारा मुलगा असो, अथवा हौदावर धाकट्यांना आधीं पाणी पिऊं देणारा असो, दोघांचीही वर्तणूक 'चांगली'. मास्तर लबाड असतात असें नव्हे. दुसरें कांहीं लिहिलें तर त्या पोराला पुढची शाळा दारांत उभें करणार नाहीं, या दयेनें तो शब्द लेखणींतून उतरतो. परंतु या दयेचा परिणाम असा झाला आहे कीं, आपल्याकडील मुलांच्या शीलाविषयीं सरकारी कागदावर जी एकुलती एक नोंद असते तिच्यावरून कोणालाच कांहीं कळत नाहीं.

आज ज्या शिष्यवृत्त्यांविषयीं मला बोलावयाचें आहे त्या नेमक्या याच रकान्यापाशीं येऊन अडतात. गुण किती मिळाले आणि वडिलांचें उत्पन्न काय, एवढें विचारून त्यांचें समाधान होत नाहीं. तुमचें शील कसें आहे, समाजाची सेवा तुम्हीं कोणती केली, हें शे-दोनशें शब्दांत लिहून द्या, असें त्या म्हणतात. बारावीचा निकाल लागला कीं आमच्या नशिराबादेंत असे अर्ज घेऊन मुलें येतात आणि 'गुरुजी, येथें काय लिहूं?' असें विचारतात. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. तेव्हां कॉलेजचा अर्ज भरण्याचें मार्गदर्शन मीं करावें ही थोडी गंमतच आहे. पण शिफारसपत्रें मीं पुष्कळ लिहिलीं, आणि त्या निमित्तानें या प्रश्नाचा विचारही पुष्कळ केला.

जुन्या शिष्यवृत्त्यांचें काम सरळ होतें. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाराला मिळे. १९१२ सालीं ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. त्यांचा स्वभाव कसा आहे, हें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. पुढील आयुष्यांत तो सर्वांस दिसलाच. गुणांच्या शिष्यवृत्तींत हा एक मोठा सभ्यपणा आहे कीं ती मुलाच्या अंतरंगांत डोकावत नाहीं.

शील पाहून पैसे द्यावे, ही कल्पना जगभर गाजली ती सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रामुळें. हा गृहस्थ १९०२ सालीं वारला. दक्षिण आफ्रिकेंतल्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला, कट्टर साम्राज्यवादी. सेवेची व दुर्बलांविषयींच्या कळवळ्याची अट घालणाऱ्या माणसाचा पैसा कोठून आला होता, हें मनांत ठेवूनच ती अट वाचावी. तरी एक गोष्ट त्याला सुचली होती ती मला फार आवडते. विद्वत्ता परीक्षेनें ठरवावी, पुढारीपण मुख्याध्यापकानें ठरवावें. परंतु सत्यनिष्ठा, धैर्य, कर्तव्यबुद्धि हे गुण कोणांत आहेत हें मुलाच्या सहाध्यायांनीं मतें देऊन सांगावें, असें त्यानें लिहून ठेवलें. ही रीति चालू राहिली नाहीं. आज तेथील निवड शिफारसपत्रांनीं आणि मुलाखतींनीं होते. पण शाळेंत आयुष्य घालविलेल्या कोणालाही विचारा : वर्गांतला खरा कोण आणि दिखाऊ कोण, हें मास्तरांच्या आधीं मुलांना ठाऊक असतें.

शील चांगलें म्हणजे काय, हें मात्र विचारणारावर अवलंबून असतें. १९०५ सालीं पुण्यांत विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजनें विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहांतून काढलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं लंडनमधील श्यामजी कृष्णवर्मा यांच्याकडे शिवाजी शिष्यवृत्तीसाठीं अर्ज केला. ही देणगी पॅरिसच्या सरदारसिंह राणा यांची. घेणारानें पुढें इंग्रज सरकारची नोकरी पत्करूं नये, ही तिची अट. टिळकांनीं शिफारस केली ती अगदीं मोजकी होती : मुलगा तडफदार आहे, स्वदेशीच्या कामीं उत्साही आहे, इतका कीं त्यापायीं कॉलेजच्या चालकांची गैरमर्जी त्यानें ओढवून घेतली, सरकारी नोकरीचा त्याचा विचार नाहीं, नीतिमत्ता उत्तम आहे. म्हणजे कॉलेजच्या वहींत जो अपराध म्हणून लिहिला गेला तोच शिफारशींत गुण म्हणून पुढें आला. सावरकरांच्या राजकारणाविषयीं श्रोत्यांत मतभेद असतील. मला येथें फक्त पत्र कसें लिहावें एवढेंच दाखवावयाचें आहे. मोजकीं वाक्यें, आणि त्यांतलें एक घडलेल्या गोष्टीचें.

याहून मोलाची गोष्ट केळुसकर गुरुजींची. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेंत एक मुलगा रोज वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनीं विचारपूस केली. १९०७ सालीं तो मुलगा, भीमराव आंबेडकर, मॅट्रिक झाला, तेव्हां स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांनीं त्याला भेट दिलें. आणि पुढें पैशांअभावीं शिक्षण खुंटण्याची वेळ आली तेव्हां त्याला सयाजीराव महाराजांपुढें नेऊन उभें केलें. महाराजांनीं कांहीं प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१३ सालीं त्याच बडोद्यानें कोलंबिया विद्यापीठासाठीं दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षें दिले, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची सेवा करण्याचा करार करून घेतला. या करारानुसार आंबेडकर १९१७ सालीं बडोद्यास गेले. त्या शहरांत अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नाहीं. एका पारशी खानावळींत नांव लपवून राहिले, तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावानें बाहेर काढलें, आणि सेवेचा तो करार तेथेंच थांबला. विद्यार्थ्याकडून सेवेचें वचन घेणें सोपें आहे. त्या सेवेला जागा करून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणत्याही अर्जांत छापलेला नसतो.

लेखी वचन न घेतां सेवा करवून घेणारेही आपल्याकडे झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तींत जेवत आणि शेतांत, बांधकामावर स्वतः राबून शिकत. सेवेविषयीं निबंध लिहा, असें त्यांना सांगावें लागलें नाहीं. आपल्या खानदेशांत, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते. छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली तेव्हां मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवीत, कंदिलांच्या कांचा पुसून ठेवीत, असें अजून सांगतात. मुलें आपोआप खोल्या झाडूं लागलीं. आतां राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ सालीं सुरू झालेली. तींत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते आणि शेवटीं प्रमाणपत्र मिळतें. योजना चांगली आहे. तिच्या शिबिरांतून माणसें घडलेलीं मीं पाहिलीं आहेत. फक्त तास मोजले जाऊं लागले कीं घड्याळाकडेही लक्ष जाऊं लागतें.

आतां एका मुलीविषयीं सांगतों. नांव सांगत नाहीं. आई दुसऱ्यांच्या शेतांत निंदणीला, कापूस वेचायला जाते. घरीं आजी अर्धांगानें अंथरुणावर. मुलगी बारावीला ऐंशीच्या पुढें गुण मिळवून पास झाली. मोठ्या शहरांतल्या एका न्यासाचा अर्ज तिनें आणला. 'समाजसेवेचा तपशील' या सदराखालीं तिनें आडवी रेघ ओढली होती. मीं विचारलें, 'कांहींच केलें नाहींस?' ती म्हणाली, 'आम्हाला वेळ कुठं असतो, गुरुजी?'

तिचें म्हणणें तसें खरें होतें. वृक्षारोपण, स्वच्छतामोहीम, रक्तदान यांतल्या कशालाच ती गेली नव्हती. त्या वेळीं ती आजीला कुशीवर वळवीत होती. पण मला तिच्या गल्लींतली दुसरी एक गोष्ट ठाऊक होती. तेथें पांच-सहा निराधार म्हाताऱ्या आहेत. त्यांच्या अनुदानाचे अर्ज, दरवर्षीचा हयातीचा दाखला, बँकेचे कागद, हें सारें ही मुलगी नववीपासून करीत आली. जन्मभर विळा-खुरपें धरून त्या बायांच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत. यंत्रावर अंगठा उमटत नाहीं. मग ती त्यांच्याबरोबर दोन-दोन खेपा घालते आणि साहेबांपुढें उभी राहते. मीं म्हटलें, हें लिही. ती म्हणाली, 'त्या काय परक्या आहेत? शेजारच्याच आज्या त्या.' आणि आजीच्या शुश्रूषेविषयीं तर तिनें ऐकूनच घेतलें नाहीं. 'घरचं काम ते, त्याला सेवा कसली म्हणायची?'

मला तिचें म्हणणें अर्धें पटतें. घरच्या कर्तव्याला समाजसेवा हें मोठें नांव देऊं नये; नांव मोठें केलें कीं काम लहान होतें. पण तें झांकूनही ठेवूं नये. 'मी आजीची शुश्रूषा करतें, त्यामुळें बाहेरच्या उपक्रमांस जातां आलें नाहीं' हें साधें वाक्य तिनें अखेर लिहिलें, आणि म्हाताऱ्यांच्या कागदपत्रांचें काम वेगळें लिहिलें. मुलाखतीचें बोलावणें आलें. तेथें या कामाचें एखाद्या संस्थेचें प्रमाणपत्र आहे काय, असें विचारण्यांत आलें. तें नव्हतें. शिष्यवृत्ति दुसऱ्या कोणास मिळाली, तो योग्यच असेल. ही मुलगी आतां बसनें जळगांवच्या कॉलेजांत जाते, आणि सुटीच्या दिवशीं आठवींतल्या दोन मुलींना ते अर्ज भरावयास शिकविते.

हें भाषण ऐकणाऱ्यांत अशा न्यासांचे विश्वस्त असतील, निवड समितीवर बसणारीं मंडळी असतील. त्यांना माझी एक विनंति आहे. 'कोणती समाजसेवा केली?' हा प्रश्न ज्याच्या घरीं स्वयंपाकाला बाई आहे त्याला सोपा जातो, आणि जी स्वतःच ती बाई आहे तिला रेघ ओढावयास लावतो. त्याऐवजीं असें विचारून पाहा : 'तूं उद्यां परगांवीं शिकावयास गेलीस तर कोणाचें अडेल?' याचें उत्तर प्रमाणपत्रावर मिळत नाहीं, पण गांवीं एक पत्र टाकलें, फोन केला, तर लगेच मिळतें. खोटें उत्तर देणें कठीण, कारण अडणारा माणूस दाखवावा लागतो. आणि त्या उत्तरांतून समितीला हेंही कळेल कीं, ही मुलगी उचलून नेली म्हणजे तिच्या मागें कोणती जागा रिकामी पडते.

शहरांतल्या आईबापांनाही थोडें सांगावयाचें आहे. अर्जाच्या तारखेआधीं दोन महिने मुलाला अनाथाश्रमांत नेऊन फळें वांटतांनाचें छायाचित्र काढूं नका. समितीवरचीं माणसें अशीं छायाचित्रें शेंकड्यांनीं पाहतात. आणि समितीचें सोडा, फळ घेणाऱ्या पोराला तें कळतें. मुलानें वर्षभर शेजारच्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखविलें असेल तर तेवढेंच लिहावें. किती दिवस, कोणत्या वेळीं, मध्यें कंटाळा आला तेव्हां काय केलें, तेंही लिहावें. 'मला लहानपणापासून सेवेची आवड आहे' हें वाक्य पहिल्या ओळींत आलें कीं वाचणाराची नजर तिसऱ्या ओळीवर जाते.

शिक्षकबंधूंनीं शिफारसपत्रांत 'होतकरू, आज्ञाधारक, सुस्वभावी' ही त्रयी बंद करावी. तो दाखल्यावरचा 'चांगली' हाच शब्द, तीन कपडे घालून आलेला. आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट तारीख-वारासह लिहावी. आणि पाहिलेली नसेल तर, ज्यानें पाहिली असेल त्याच्याकडे, मग तो शाळेचा शिपाई कां असेना, मुलाला पाठवावें. विद्यार्थ्यांनींही पत्र मागावयास आदल्या रात्रीं येऊं नये. निदान तीन आठवडे आधीं यावें, आणि येतांना आपण भरलेला अर्ज बरोबर आणावा. एकाच मुलाच्या अर्जांत एक व पत्रांत दुसरें, असें झालें कीं दोन्ही कागद खोटे ठरतात. अर्जाची एक नक्कल घरीं जपून ठेवावी. मुलाखतीला बोलावतात तेव्हां त्यांच्या हातीं तोच कागद असतो, आणि मधल्या तीन महिन्यांत आपण काय लिहिलें होतें हें मुलें बहुधा विसरलेलीं असतात.