घड्याळ आणि बाण



घड्याळ दिसलें कीं घड्याळजी मानावा, तसा सृष्टीची रचना पाहून रचणारा मानावा, हें प्रमाण विल्यम पेली यांनीं 1802 सालीं मांडलें. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत तें अजून ऐकूं येतें. परंतु 1977 पासून ह्याच वरळींत असलेलें नेहरू तारांगण पाहून येणारीं आपलीं मुलें आम्हांस विचारतात: डोळ्यासारखे अवयवही क्रमाक्रमानें घडूं शकतात असें डार्विननें 1859 सालीं दाखविलें; मग घड्याळजी कशाला? त्यांस दटावून गप्प करणें आम्हांस मान्य नाहीं.

ह्यूमचा आक्षेप तर त्याहून जुना, 1779 चा. जग कारागिराचें काम असेल, तर त्यांतील दुःखाचा डागही कारागिरासच लागतो. वरळीच्या कोळ्यास हें पुस्तकावांचून ठाऊक आहे. एकेक मासळी हजारोंनीं अंडीं घालते, वाढतात थोडीं; आणि तुफानांत बुडते ती होडी पाप्याचीच असते असें नाहीं. घड्याळाच्या दृष्टांतांत ह्याला उत्तर नाहीं. असल्याचा आव आणूं नये.

संत थॉमस आक्विनास यांचा दृष्टांत बाणाचा. अजाण वस्तु नियमानें लक्ष्याकडे जातात. तो नियम मुळांत कोठून, असें ते विचारतात. डार्विनचा क्रमही नियमांवरच चालतो, म्हणून हा प्रश्न त्यानें मिटत नाहीं. बुद्धीनें देव ओळखतां येतो असें व्हॅटिकन परिषदेनें 1870 सालीं ठरविलें खरें, पण पेलींच्या घड्याळास कोणास बांधलें नाहीं. त्याच वर्षीं न्यूमन यांनीं (ते पुढें कार्डिनल झाले) एका पत्रांत कळविलें कीं, आपण देव मानतों म्हणून रचना मानतों, रचना दिसते म्हणून देव नव्हे.

मुलांनीं आपले प्रश्न घेऊन रविवारीं मिस्सानंतर आम्हांकडे यावें. आईबापांनीं त्यांस अडवूं नये.