बॅटरीचा अपराध कोणता?



गेल्या पावसाळ्यात एका रात्री साखळीहून बेळगावकडे परतत असताना चोर्ला घाटात माझ्या मोटारीचे दिवे मंदावू लागले. पाऊस मुसळधार कोसळत होता आणि मागच्या आसनावर माझे वृद्ध वडील होते. वायपर रखडले, दिवे काजव्यासारखे झाले आणि अखेर इंजिनही थांबले. दीड तासाने एका सहृदय ट्रकचालकाने आम्हांला आपल्या गाडीत घेतले. कुडकुडणाऱ्या वडिलांचा हात हातात धरून मी एकच गोष्ट मनाशी घोळवीत होतो, ती ही की, तीन आठवड्यांपूर्वीच तर मी नवी बॅटरी घातली होती!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘हीही बॅटरी सदोष निघाली; दुसरी घ्या.’ शिक्षकाच्या खिशाला तो मानवणारा नव्हता. म्हणून मोटारींच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी बोलावले. तो हसून म्हणाला, “सर, नळाचे पाणी घागरीपर्यंत पोहोचते की नाही, हे न पाहताच आपण घागर बदललीत!”

त्याचे म्हणणे अगदी यथार्थ होते. बॅटरी ही केवळ विजेची घागर होय. इंजिन सुरू झाले की पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर सगळा भार उचलतो आणि उरलेल्या विजेने बॅटरी भरून काढतो. म्हणून बॅटरी रिकामी आढळली, तर तिला दोष देण्यापूर्वी मोजमाप करावे. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो.

गाडी काही तास उभी असताना भरलेल्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सुमारे 12.6 व्होल्ट दाब असतो. तो 12 च्या आसपास आला, तर ती जवळजवळ रिती झाली असे समजावे. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा साधारणतः 13.8 ते 14.5 पर्यंत चढला पाहिजे. चढला नाही, तर पट्टा सैल आहे काय, जोड ढिले आहेत काय, हे इंजिन बंद करून पाहावे. नव्या गाड्यांत संगणक हा दाब गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. तेथे गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकडेच प्रमाण मानावेत.

आमच्या गाडीची बॅटरी चार्ज करून त्याने इंजिन चालू केले. दिवे बंद असताना आकडा बरा दिसला. मग त्याने दिवे, वायपर, पंखा असे सारे काही लावले. अल्टरनेटरपाशी 14.2 व्होल्ट, बॅटरीपाशी मात्र 12.2! मधल्या तारेत दोन व्होल्ट हरवत होते. वास्तविक तेथे दोन-तीन दशांशाहून अधिक घट होता कामा नये. तार सोडवून पाहता तिच्या टोकाची थिंबल हिरवट गंजलेली आणि आवरण उष्णतेने काळवंडलेले आढळले. सदोष जोडातील घट विजेच्या प्रवाहाबरोबर वाढते. म्हणूनच दिवसा दडून राहिलेला दोष पावसाळी रात्री उघडा पडला. इशाऱ्याचा तांबडा दिवाही लागला नव्हता. कारण अल्टरनेटर वीज निर्माण करीतच होता, ती बॅटरीला पोहोचत नाही हे त्या दिव्याला कळण्याची सोय नव्हती. नवी थिंबल बसवताच बॅटरीपाशी 14 व्होल्ट दिसू लागले. तीच बॅटरी आजही चालते आहे.

एक इशारा देणे अवश्य आहे. चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी रीत डायनामोच्या काळातली आहे. आज तसे केल्यास दाब एकाएकी उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीतला संगणक जळण्याचा संभव असतो. तसेच पदर, सैल बाही, हात फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

जाताना त्या विद्यार्थ्याने माझ्याकडून मजुरी घेतली नाही. शाळेत मी त्याला अनेकदा ‘मठ्ठ’ म्हटले होते, याची मला त्या वेळी आठवण झाली. मी शिकवीत होतो, यात संशय नाही. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचत होते की नाही, हे मी कधी मोजून पाहिले नव्हते.