बेस हलतो तेव्हा मागे काय राहतं?



मी विमानांचा डॉक्टर आहे असं आमची आई सगळ्यांना सांगायची. खरं तर मी मेंटेनन्स इंजिनिअर. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी एअरलाइनमध्ये आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग तिकीट स्वस्तात मिळतं का हो?" मी सांगतो, आमच्या विमानात सीटच नसतात. मी आयुष्यभर मालवाहू विमानांवर काम केलं. मूळचा सांगलीचा, पण नोकरीची बहुतेक वर्षं हैदराबादला गेली.

आज मला एका पत्राबद्दल बोलायचंय. दीड पानांचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की कंपनी इथला मेंटेनन्स बेस बंद करते आहे, काम उत्तरेतल्या एका शहरात नेते आहे, आणि आपण पंचेचाळीस दिवसांत तिथे रुजू व्हावं. कंपनीचं नाव मी घेणार नाही. आज त्याचा उपयोगही नाही.

आधी आमचं काम कसं चालतं ते दोन मिनिटांत सांगतो. प्रवासी विमान दिवसभर उडतं. पार्सलचं विमान मात्र बहुतेक वेळा रात्रपाळीचं. संध्याकाळी शहराशहरांतून माल गोळा होतो, रात्री तो एका मोठ्या विमानतळावर येतो, तिथे पत्त्यांप्रमाणे वेगळा होतो आणि पहाटेपर्यंत पुन्हा उडतो. त्या जागेला हब म्हणतात.

आमचं काम दोन प्रकारचं. एक रोजचं : टायर, तेल, ब्रेक, पायलटने लिहून ठेवलेल्या तक्रारी. हे काम विमान जिथे थांबतं तिथेच करावं लागतं. दुसरं मोठं काम : विमान हँगरमध्ये घ्यायचं, पॅनेल उघडायची, गंज शोधायचा, तडे शोधायचे. याला दिवस, कधी आठवडे लागतात. विमान तेवढे दिवस उभंच राहणार असतं, त्यामुळे हे काम हबलाच झालं पाहिजे असं नाही. हा फरक लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर पत्र आलं. मी कंपनीला दोष देत नाही. माल जिकडे वाढतो तिकडे विमानं जातात, हे मलाही कळतं. पण घरी गेलो तेव्हा मुलगा दहावीत, बायको शाळेत कायम झालेली, आणि फ्लॅटचे हप्ते चालू. नेमणूकपत्र काढून पाहिलं. त्यात एक ओळ होतीच : भारतात कुठेही बदली होऊ शकते. सही माझीच. आपल्याकडे कपात झाली तर कायद्याने कामगार ठरणाऱ्याला वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई असते. पण बदली म्हणजे कपात नव्हे. न जाणाऱ्याने राजीनामा द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. कागदावर कुणालाही काढलं नव्हतं, तरी आमच्यातले निम्मे लोक गेले नाहीत.

न गेलेल्यांमध्ये आमचे अण्णा होते. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तेलुगूत तसंच आणि आपल्याकडेही तसंच. मला ते तम्मुडू म्हणायचे, धाकटा भाऊ. सीनिअर टेक्निशियन होते. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. ते म्हणाले, "तम्मुडू, विमान कुठेही उतरतं रे. आईला कुठे उतरवू?"

मी गेलो. पहिली दोन वर्षं एकटाच.

नवा हँगर छान होता. उजेड चांगला, अवजारं नवीन. जुन्या बेसची प्रत्येक वस्तू मोजून, पेटीत भरून, यादीसकट आली होती. तिसऱ्या महिन्यात एका विमानाच्या मालाच्या दरवाजाचा इशारा यायला लागला. मालवाहू विमानाचा हा दरवाजा प्रचंड मोठा असतो. तो नीट बंद आहे की नाही हे सांगणारे सेन्सर असतात. दरवाजा बंद, तरी दिवा पेटतो. सेन्सर बदलला, थांबलं, पुन्हा आलं. विमान दोन रात्री उभं. दोन रात्री विमान उभं राहिलं की किती माल अडकतो, ते ऑपरेशन्सचा माणूस दर अर्ध्या तासाने येऊन सांगतो.

शेवटी मी अण्णांना फोन केला. त्यांनी विमानाचा नंबर विचारला आणि म्हणाले, "त्याला लोडरचा धक्का बसला होता. खालच्या लॅचच्या मागची वायर बघ. वाकवली की दिसेल." आम्ही मॅन्युअलप्रमाणे पॅनेल उघडलं. वायरचं वरचं आवरण घासून गेलेलं. दुरुस्ती केली, तपासणी झाली, सही मी केली. जुन्या नोंदवहीत ही गोष्ट होती का? होती. 'वायरिंग दुरुस्त केले' एवढीच.

अवजारांच्या यादीत पाना होता, टॉर्च होता. अण्णांच्या डोक्यात काय होतं, ते कुठल्याच यादीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ही एका माणसाची गोष्ट झाली. म्हणून एका गावाची सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात विल्मिंग्टन नावाचं गाव आहे. वस्ती बारा हजारांच्या आसपास. तिथे हवाई दलाचा जुना तळ होता, तो बंद पडला. 1980 मध्ये एअरबोर्न एक्स्प्रेस या कुरियर कंपनीने तिथे आपला हब केला. 2003 मध्ये डीएचएलने एअरबोर्नचा जमिनीवरचा धंदा घेतला. विमानं आणि ती सांभाळणारे लोक एबीएक्स एअर या वेगळ्या कंपनीत राहिले. 2005 मध्ये डीएचएलने आपला सिनसिनाटी विमानतळावरचा हब शंभरेक किलोमीटरवरच्या विल्मिंग्टनला हलवला. गाव खूश.

तीन वर्षांनी वारं फिरलं. मे 2008 मध्ये डीएचएलने हवाई वाहतुकीचं काम यूपीएसकडे सोपवण्याचा विचार जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या देशांतर्गत सेवेतूनच बाहेर पडत असल्याचं सांगितलं, आणि जानेवारी 2009 अखेर ती सेवा थांबली. आंतरराष्ट्रीय माल पुन्हा सिनसिनाटीला. विल्मिंग्टन आणि आसपासच्या मिळून आठ हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. बारा हजारांच्या गावात याचा अर्थ काय होतो? शाळा, किराणा, सलून, घरांच्या किमती, सगळ्यालाच धक्का.

पण मला सांगायचंय ते पुढचं. रात्रीची पार्सलं गेली; मोठ्या दुरुस्तीचं काम मात्र पुरतं गेलं नाही. मघाशी म्हटलं तो फरक आठवतोय ना? हँगर तिथे होते, आणि मुख्य म्हणजे तो धंदा जाणणारी माणसं थोडीफार एकत्र उरली होती. मग आपल्याच विमानांवर अवलंबून न राहता दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांचं काम घेतलं गेलं. 2010 मध्ये डीएचएलने तो विमानतळ तिथल्या सार्वजनिक पोर्ट अथॉरिटीला देऊन टाकला. 2014 मध्ये तिथे नवीन हँगर उभा राहिला. 2015 मध्ये अॅमेझॉनची विमानं आली. पुढे अॅमेझॉनने मोठ्या हबसाठी सिनसिनाटी निवडलं. 2019 मध्ये पुन्हा काही विमानं विल्मिंग्टनला आली. पार्सलं येतात, जातात. हँगरमधलं काम टिकून राहिलं. आठ हजारांपैकी बहुतेकांना त्याचा उपयोग झाला नाही, हेही खरं. ती काही परीकथा नाही. पण जे टिकलं ते माणसं एकत्र राहिल्यामुळे टिकलं.

आता थोडं सुरक्षिततेबद्दल. आमच्या ट्रेनिंगमध्ये 'डर्टी डझन' शिकवतात. 1993 मध्ये कॅनडाच्या परिवहन खात्यात काम करणाऱ्या गॉर्डन ड्युपाँट यांनी दुरुस्तीतल्या चुकांची बारा मानवी कारणं मांडली. त्यांत ताण आहे, थकवा आहे, लक्ष विचलित होणं आहे, दबाव आहे, एकमेकांशी न बोलणं आहे. बदलीचं पत्र खिशात घेऊन शिफ्टवर आलेल्या माणसाकडे बघा. या बारांपैकी पाच तर तो घरूनच घेऊन आलेला असतो. त्या पंचेचाळीस दिवसांत आम्ही रोज विमानं सोडत होतो. रोज सह्या करत होतो. आम्ही सगळं दोनदा तपासायचं ठरवलं होतं, ते आमचं आम्ही. वरून कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत 1988 चा एक कायदा आहे. शंभर किंवा जास्त कामगारांच्या मोठ्या कंपनीने ठिकाण बंद करण्याआधी साधारण साठ दिवसांची सूचना द्यायची. साठ दिवसांतही घर आवरत नाही, पण निदान तारीख तरी कळते.

म्हणून दोन विनंत्या आहेत.

तुमच्यापैकी कुणी उद्या अशा पत्रावर सही करणार असेल, तर त्यांनी आधी हँगरमध्ये येऊन बसावं. कोण येऊ शकत नाही आणि का, हे विचारावं. मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक बघून तारीख ठरवावी. त्याला पैसे लागत नाहीत. जे येणार नाहीत त्यांना सहा महिने पगार देऊन नव्या लोकांना शिकवायला ठेवावं. दोन रात्री विमान उभं ठेवण्याचा हिशोब मांडला, की हा खर्च महाग वाटणार नाही.

आणि नागपूर, हैदराबाद, बेंगळुरूला या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना सांगतो. लायसन्स तुमचं आहे, अनुभवाची नोंदवही तुमची आहे. ती रोज भरा, सह्या त्याच आठवड्यात घ्या. बेस बंद झाल्यावर सही करणारे साहेब सापडत नाहीत. नेमणूकपत्रातली बदलीची ओळ सही करण्याआधी वाचा. आणि लॉगमध्ये 'दुरुस्त केले' एवढंच लिहू नका. काय दिसलं, कुठे दिसलं, कशामुळे झालं असेल, तेही लिहा. तुमच्यानंतर येणाऱ्याकडे अण्णांचा फोन नंबर नसेल.

अण्णांच्या आई दोन वर्षांनी गेल्या. अण्णा आता एका ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतात. पहिल्या तासाला मुलांना म्हणे एक घासलेली वायर दाखवतात आणि विचारतात, "याबद्दल लॉगमध्ये काय लिहाल?" अर्धा तास तेवढंच.